नळ कुणाचा, चिठ्ठी कुणाची

नैरोबीच्या कायोले-सोवेटो वस्तीत पाणीपट्टीची थकबाकी कशी वसूल करावी, हे तपासण्यासाठी जागतिक बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी तिथल्या पाणी कंपनीसोबत एक प्रयोग केला. थकबाकीदार घरमालकांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली. निवडलेल्यांना नोटीस गेली आणि तरीही ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांचं कनेक्शन तोडलं गेलं. २०२० साली निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वसुली वाढल्याचं दिसत होतं आणि भाडेकरूंचं टिकाऊ नुकसान झालेलं आढळलं नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तरीही विकासाच्या अभ्यासकांत मोठा गदारोळ उठला. बिल थकवलं होतं मालकानं आणि कोरडा पडला तो भाडेकरूचा नळ; वीस लिटरचा कॅन विकत आणून खोलीपर्यंत वाहून नेणं आलं ते त्याच्याच वाट्याला. तेव्हा प्रश्न असा की दुसऱ्याच्या गरिबीवर प्रयोग करण्याचा अधिकार अभ्यासकाला मिळतो कुठून? ज्ञान उपयोगी आहे, हे उत्तर मला अपुरं वाटतं. ज्याला झळ बसणार त्याला नकार देता येत असेल, तरच तो अधिकार उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कंपनीला कनेक्शन तोडायचा हक्क होताच, संशोधकांनी फक्त मोजमाप केलं. पण कुणाचं कनेक्शन तोडायचं हे तुलनेच्या सोयीनं ठरलं, आणि निवड ज्यानं केली त्याला मोजणाऱ्याच्या भूमिकेत लपता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारं रोजच लोकांवर प्रयोग करतात, तेही न विचारता आणि परिणाम न मोजता. त्यापेक्षा चिठ्ठी टाकून मोजणारे प्रामाणिक नाहीत का? आहेत, काही बाबतींत. मायकल क्रेमर (२०१९चे नोबेलविजेते) आणि एडवर्ड मिगेल यांनी १९९८पासून केनियाच्याच बुसिया भागातल्या ७५ शाळांत जंताचं औषध टप्प्याटप्प्यानं दिलं. एकाच वेळी सगळ्यांना देता येत नसेल तर आधी कुणाला, हे ठरवण्याची ती रीत वशिल्यापेक्षा नक्कीच न्याय्य. मात्र चिठ्ठीनं औषध वाटणं आणि चिठ्ठीनं तहान वाटणं यांत फरक करायलाच हवा. शिवाय वाईट सरकारला मतदार निदान पाडू शकतो. विमानानं परत गेलेल्या अभ्यासकाला वस्तीतल्या कुणाला जाब विचारता येतो?

अमेरिकेत टस्कीगीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांना १९३२ ते १९७२ उपचारांपासून वंचित ठेवून सिफिलिसचा अभ्यास चालला होता. ते उघडकीला आल्यावर १९७९च्या बेल्माँट अहवालानं व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं मांडली. यातला न्याय विचारतो, ओझं कुणावर आणि लाभ कुणाला. विकास-संशोधनात या तत्त्वाची वासलात बहुतेकदा संमतीपत्रकावर लावली जाते, आणि ते पत्रकही अनेकदा प्रश्नावलीपुरतंच असतं. विद्यार्थ्याला नमुना किती मोठा हवा हे नीट शिकवतात. प्रयोगाच्या आराखड्यावर भाडेकरूंच्या प्रतिनिधीची सही का हवी, हे क्वचितच. अशी सही सक्तीची केली तर वसुलीसारख्या विषयांवर काही प्रयोग होणारच नाहीत, असं म्हणतात. ते खरं आहे, आणि त्यातून होणारा ज्ञानाचा तोटाही खरा आहे. तो मात्र विद्यापीठांनी आणि बँकेनं सोसावा, कारण त्यांना तो परवडतो.