चैत्रगौर आणि न गेलेले आमंत्रण

चैत्र शुद्ध तृतीया आली की ज्या मराठी घरांत चैत्रगौर मांडण्याची रीत आहे, तिथे देवघरातली अन्नपूर्णा लहानशा पितळी झोपाळ्यावर जाऊन बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचा मुक्काम. गौर या महिन्यात माहेरी येते अशी आपली श्रद्धा. म्हणून तिच्यासाठी कैरीची डाळ, पन्हे, पुढ्यात चैत्रांगण, आणि सोयीचा एक दिवस पाहून हळदीकुंकू. आलेल्या सुवासिनींची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरायची.

पांढुर्णा-सौंसरसारख्या दुभाषिक मुलखात या सणाला शेजार लाभलेला आहे. नेमक्या याच तृतीयेला आपल्याच राज्यातील निमाड-माळव्यात गणगौर पुजली जाते. पौर्णिमा उलटली की हिंदी पंचांगात वैशाख लागतो आणि आपल्या पंचांगात मात्र चैत्रच चालू असतो. म्हणजे अर्धा मुक्काम गौर एकाच भिंतीवरच्या दोन दिनदर्शिकांत दोन वेगवेगळ्या महिन्यांत काढते. तिचे त्यावाचून काही अडत नाही. चैत्र नवरात्रात हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे जवारे पेरले जातात आणि अष्टमी-नवमीला कन्यापूजन होते. आपल्या मुली तिथे जेवायला जातात; त्यांच्या बायका आपल्याकडे पन्हे प्यायला येतात. ही देवाणघेवाण सुखाची आहे.

परंतु या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न उभा राहतो. दोन्हींत तत्त्व एकच आहे : देवी केवळ मूर्तीत नाही, ती हाडामांसाच्या स्त्रीत आहे, म्हणून त्या स्त्रीची पूजा करायची. मात्र एका घरी ती साधारणपणे दोन ते दहा वर्षांच्या कन्येत दिसते आणि दुसऱ्या घरी नवरा हयात असलेल्या स्त्रीत. मग वयात आलेली मुलगी, लग्न न झालेली शिक्षिका, नवऱ्याने टाकलेली बाई आणि विधवा, यांच्यात ती नसते काय? एका पूजेतून मुलगी मोठी झाली म्हणून बाहेर पडते आणि दुसऱ्या पूजेतून नवरा गेला म्हणून. एवढ्या अटी घालून जिचा सन्मान करायचा, तो सन्मान स्त्रीचा की तिच्या अवस्थेचा?

यावर ठरलेले उत्तर असे की, यात अपमानाचा हेतूच नाही. गौर ही शंकराची पत्नी, अखंड सौभाग्यवती. तेव्हा हा सणच सुवासिनींचा आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चैत्रातली गौर ही सासरची शिवपत्नी म्हणून येत नाही, माहेरची लेक म्हणून येते. आणि माहेराचा अर्थच मुळी असा की, तिथे नवऱ्याच्या कुशलावर लेकीचे स्वागत अवलंबून नसते. विधवा होऊन परतलेल्या लेकीलाही आई आधी पाणी देते आणि मग गळ्यात पडून रडते. ज्या सणाचा गाभा माहेर आहे, त्याच सणात दारावर सौभाग्याची चौकशी व्हावी, ही विसंगती आपल्याला टोचायला हवी.

धर्मग्रंथांकडे वळावे तर तेही या अटीच्या बाजूने फारसे उभे राहत नाहीत. नवरात्रात घरोघर वाचल्या जाणाऱ्या दुर्गासप्तशतीतली अंबिका शुंभाच्या दूताला ठणकावून सांगते की, जो मला युद्धात जिंकील तोच माझा पती होईल. तिला कोणी जिंकत नाही. म्हणजे नऊ दिवस आपण जिची आराधना करतो, तिला आपल्या नेहमीच्या अर्थाने सौभाग्य नाहीच. दश महाविद्यांत तर धूमावती ही देवी विधवारूपात कल्पिलेली आहे. दतियाच्या पीतांबरा पीठात तिचे मंदिर आहे. पण सुवासिनींनी तिचे दर्शन घेऊ नये असा तिथला दंडक. शास्त्राने वैधव्यालाही देवत्व दिले आणि रूढीने लगेच त्याभोवती वेगळी भिंत घातली! आपल्या पांढुर्ण्याच्या चंडीचेच पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि पळसाचा झेंडा अखेर तिच्या चरणी जातो. तिच्या पायाशी कुंकू वाहणाऱ्या बाईला तिचा नवरा आहे की नाही हे देवी विचारत नाही. देवी ज्या हातचे कुंकू घेते, त्या हाताच्या कपाळी ते लावताना माणसाचे बोट मात्र थबकते.

हा दंडक सगळ्यांचा होता असेही नाही. अनेक बहुजन जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत पूर्वापार होती. जिथे पाट नव्हता, तिथे इंग्रजांचा १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाल्यावरही मने बदलायला पिढ्या गेल्या. आणि ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आपण मराठी व हिंदी दोन्ही भाषांतून आदराने घेतो, त्या १७५४ साली विधवा झाल्या. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या घरात त्यांच्यासारख्या बाईला हळदीकुंकवाचे आमंत्रण जात नाही, ही गोष्ट आपण कधी जुळवून पाहिली आहे काय?

मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला : पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवण्यास सांगितले. हेरवाडही कर्नाटकाच्या सीमेलगतचे, म्हणजे आपल्यासारखेच कडेवरचे गाव. पण ते परिपत्रक आपल्यासाठी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही याच राज्यात. परिपत्रकाला सीमा असते, रूढीला नसते. पलीकडची चाल जर इथे विनासायास येऊन नांदली, तर पलीकडची सुधारणा अडण्याचे कारण काय? शासन कोणाचेही असो, आपल्या उंबरठ्यावर कोणाला बोलवायचे याचा ठराव करायला आपल्याला ग्रामपंचायतही लागत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. पुष्कळ विधवा स्वतःच म्हणतात, "नको बाई, मी आले तर लोक काय म्हणतील?" त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना पाटावर बसवणे हीदेखील एक जबरदस्तीच. सुधारणेच्या उत्साहात एखाद्या बाईला चार जणींसमोर ओढून आणून तिच्या कपाळी कुंकू लावावे आणि टाळ्या घ्याव्यात, यात तिचा सन्मान कमी आणि आपला जास्त. पण जिला वर्षानुवर्षे कोणी विचारलेच नाही, तिच्या नकाराला खुशीचा नकार म्हणता येत नाही. त्यासाठी आधी खरेखुरे आमंत्रण गेले पाहिजे. आमंत्रण देणे हे आपले कर्तव्य. ते स्वीकारणे, नाकारणे, कुंकू लावून घेणे किंवा नुसतेच पन्हे घेऊन गौरीपुढे बसणे, हा तिचा अधिकार. या दोहोंची गल्लत होऊ नये.

आणि "त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम ठेवू" ही तडजोड तर नकोच. वेगळी पंगत कितीही सुग्रास असली तरी ती वेगळीच असते, आणि का वेगळी आहे हे जेवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

चैत्रगौरीच्या सणात मुहूर्ताची घाई नाही. महिनाभरातला कोणताही दिवस चालतो. डाळ थोडी अधिक वाटली, पन्ह्यात एक कैरी जास्त उकडली, एवढाच वाढीव खर्च. येत्या चैत्रात कोणाकोणाला बोलवायचे याची यादी घरात होईल, तेव्हा 'सौ.' मागे लागत नाही म्हणून गळणारी नावे एकदा वाचून पाहावीत. त्यात बहुधा आपली एखादी काकू असेल, भिंतीपलीकडची भाभी असेल, कदाचित आपली स्वतःची आईही असेल.