निवृत्तिवेतन कोणाच्या हक्काचें?

आमगांवाकडे धान पिकविणारा शेतकरी एक प्रश्न विचारूं लागला आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आमचे हात थकल्यावर आम्हांस कोणी पोसत नाहीं. मग जिल्हा परिषदेच्या गुरुजींसच सरकारी तिजोरींतून जन्मभर पैसा कां? साबण व कापड यांवरील कर तोही भरतो. श्रावणबाळ योजनेखालीं निराधार वृद्धांस जे दरमहा 1,500 रुपये मिळतात, त्यांत औषधपाणी तरी कसें भागावें?

सन 2023 च्या मार्चमध्यें, ता. 14 पासून 20 पर्यंत, सरकारी नोकर व जिल्हा परिषदांचे शिक्षक जुन्या पेन्शनीसाठीं संपावर गेले होते, तेव्हां हाच प्रश्न पुन्हां ऐकूं आला. जुन्या नियमांप्रमाणें पुरी नोकरी केलेल्यास शेवटल्या पगाराच्या सुमारें निम्मी रक्कम मरेपर्यंत मिळते, व त्याच्यामागें विधवेसही कांहीं मिळतें. ता. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांस हें मिळेनासें झालें. त्यांच्या पगारांतून शेंकडा 10 कापून, त्यांत सरकारी वाटा घालून, तो पैसा बाजारांत गुंतविला जाऊं लागला; शेवटीं हातीं काय पडेल हें कोणासही सांगतां येईना. पुढें सन 2024 मध्यें राज्य सरकारनें निम्म्या पगाराच्या हमीचा एक पर्याय मान्य केला.

आतां शेतकऱ्यास उत्तर काय द्यावें? ता. 17 डिसेंबर 1982 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नकारा यांच्या दाव्यांत असें ठरविलें कीं, पेन्शन ही धन्याची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. मला हें म्हणणें पटतें. ज्यानें तीस वर्षें मुलांस शिकविलें, त्याच्या मजुरीचा एक भाग मागें ठेवलेला असतो. तो म्हातारपणीं परत देणें ही भीक नव्हे, देणें होय. मात्र वचन देतांना त्यासाठीं पैसा बाजूस न काढणें हा सरकारचा दोष आहे, कारण तो बोजा आज पाळण्यांत असलेल्या मुलांवर पडतो.

परंतु हेंच तत्त्व पुरतें मानावयाचें तर तें गुरुजींपाशीं थांबत नाहीं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा मनुष्य पहांटे उठून टाकीवर जातो. दुसरा गटारें उपसतो. त्यांची सेवाही सार्वजनिकच आहे. पण त्यांच्या पगाराचा कांहीं भाग गांवच्या करवसुलीवर अवलंबून असतो, आणि त्यांस पेन्शन नाहीं. भविष्यनिर्वाह निधि तेवढा आहे. मोठ्या संघटनेच्या आवाजास कान मिळतो, एकट्या माणसाच्या आवाजास मिळत नाहीं, याहून दुसरें कारण मला तरी दिसत नाहीं. शेतकऱ्याचा राग गुरुजींवर आहे; पण आपण स्वतःच घरपट्टी व पाणीपट्टी थकवून त्या पाणीवाल्याचा पगार अडवितों, हें आपल्यांपैकीं कितीजण मनांत आणितात?

ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरते. येत्या सभेंत कोणीतरी उठून विचारावें, पाणी सोडणाऱ्याच्या निधीची रक्कम दरमहा त्याच्या खात्यांत पडते काय, व शेवटची केव्हां पडली. उत्तर वहींत लिहिलेलें असतें.