खाऊची नोट

पैसे सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. अर्थात दुसऱ्यांचे. स्वतःचे पैसे सांभाळण्याचा प्रसंग पगारानंतरच्या पहिल्या आठवड्यापुरताच येतो. पुढचे तीन आठवडे ते काम वाणी, दूधवाला आणि गृहकर्जाचा हप्ता परस्पर बघतात. तरीही काउंटरच्या आत बसणाऱ्याला पैशातलं काही कळतं असा जनतेचा समज आहे. या समजापासून फक्त माझं घर मुक्त आहे. त्यामुळे एका दहा वर्षांच्या मुलीचे पाचशे रुपये थीम पार्कात दिवसभर सुखरूप कसे राहतील, या विषयावर आमच्याकडे जी परिषद भरली तिच्यात या क्षेत्रातला एकमेव पगारी माणूस असूनही माझ्याकडे चहाचे कप उचलण्याचं खातं होतं.

पाचशे रुपये आजीनं दिले होते. "तुला हवं ते घे हो तिथं. कुणाला विचारायचं नाही." देव्हाऱ्याखालच्या खणातून काढलेली नोट होती, एका कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलेलं. आजीच्या दोन वाक्यांतलं दुसरं फार महत्त्वाचं होतं, पण ते हवेत विरायच्या आत हिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "आण इकडे. माझ्या पर्समध्ये राहू दे."

आपल्याकडे मुलांच्या पैशांचा इतिहास हा मुख्यतः आयांच्या पर्सचा इतिहास आहे. मुंजीतली पाकिटं, भाऊबीजेची ओवाळणी, पास झाल्याबद्दल काकानं दिलेले शंभर, सगळं "तुझ्यासाठीच ठेवतेय हो" असं म्हणत आत जातं आणि दोनतीन वर्षांनी मिक्सरच्या रूपानं बाहेर येतं. मूल विचारतं, "माझे पैसे?" आई म्हणते, "मग शेक कशात पितोस?" याला उत्तर नाही.

पण प्रश्न आहेच. ते पैसे कुणाचे? आमच्या बी.कॉम.ला कायद्याचा एक पेपर होता आणि तो मला आयुष्यात प्रथमच उपयोगी पडणार अशी चिन्हं दिसू लागली. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याप्रमाणे देणाऱ्यानं राजीखुशीनं दिलं, घेणाऱ्यानं स्वीकारलं आणि चल वस्तू हातात पडली की बक्षीस पुरं झालं. घेणारा अज्ञान असला तरी चालतं. (कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला अज्ञान म्हणतात. आमच्या घरात तो शब्द वेगळ्या व्यक्तीसाठी राखून ठेवला आहे.) म्हणजे नोट लेकीची झाली. मग तीच नोट हिच्या पर्समध्ये गेली, तर हिचं नातं काय?

इथं दोन शक्यता संभवतात. १८७२ च्या करार कायद्यात बेलमेंट म्हणून प्रकार आहे. तुम्ही एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करता आणि काम झालं की तीच वस्तू परत घेता. सायकल स्टँडवर लावली, तर हीच सायकल परत मिळाली पाहिजे. 'दुसरी घ्या, तेवढ्याच किमतीची आहे' हे चालत नाही. बँकेतली ठेव ही मात्र निराळी गोष्ट. तुम्ही काउंटरवर नोट दिलीत की ती बँकेची झाली. बँक तुम्हाला फक्त तेवढ्या रकमेचं देणं लागते. हा निवाडा इंग्लंडात १८४८ सालीच झाला आहे, आणि तेव्हापासून जगातल्या यच्चयावत बँका तुमच्या पैशांचं काय वाटेल ते करतात आणि तुम्हाला पासबुक देतात.

सगळा घोटाळा इथंच आहे. आई ठेव म्हणून घेते आणि मूल बेलमेंट म्हणून देतं. आई वाटेत त्याच नोटेतून भाजी घेते, संध्याकाळी दुसरी पाचशेची काढून देते आणि वर म्हणते, "पाचशे ते पाचशे!" मूल भोकाड पसरतं. आपण म्हणतो, पोराला व्यवहार कळत नाही. वास्तविक मुलाला कायदा कळलेला असतो. आमच्या लेकीनंही एवढंच विचारलं, "आई, तू मला हीच परत देशील ना? कुंकवाची?" ही म्हणाली, "नोटेला काय सोनं लागलंय?" आजीचा चेहरा जरा उतरला. परिषदेनं ते इतिवृत्तात घेतलं नाही.

मग सुरक्षिततेच्या सूचना सुरू झाल्या. आजीचा भर रुमालाच्या गाठीवर होता. तिच्या सासऱ्यांच्या काळी प्रवासाला निघताना पुरुषमाणसं कमरेला कसा बांधत, एरवी पैसे कनवटीला लावत. बायका पदराच्या टोकाला गाठ मारत. या सगळ्यांत एक सोय अशी होती की पैसे काढायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात खर्चाचा मोह ओसरून जाई. माझे मेहुणे म्हणजे लेकीचा मामा, ते आधुनिक. "हल्ली कॅश कोण वापरतं? मी आहे ना, क्यूआर कोड दिसला की करीन पेमेंट." हा उपाय पूर्ण सुरक्षित होता. फक्त त्यात मुलीकडे पैसे उरत नव्हते, मामा उरत होता.

थीम पार्कात पैसे सांभाळणं ही एरवीपेक्षा अवघड गोष्ट आहे, हे मान्य केलं पाहिजे. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं आणि मराठी मध्यमवर्ग तिकीट काढून उलटा लटकायला शिकला. त्याआधी ही हौस लोकलमध्ये पासावर भागत असे. माणूस उलटा झाला की खिशाचं तोंड खाली येतं. शिवाय पाळण्यात बसताना 'सुटं सामान बाहेर ठेवा' अशी पाटी असते. ते बाहेर कुठं ठेवायचं? लॉकर दूर असतो, बाप जवळ असतो. म्हणून प्रत्येक पाळण्याच्या कठड्यापाशी सात टोप्या, चार मोबाइल, दोन चष्मे आणि एक अर्धवट खाल्लेलं कणीस घेऊन बाप उभे असतात. करार कायदा म्हणतो, शहाण्या माणसानं स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी अशा वस्तूंची घ्यावी. कणसाच्या बाबतीत हे कलम पाळणं जड जातं.

खुद्द पार्कवाल्यांनी या प्रश्नावर बराच विचार केलेला आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, तेव्हा त्याच्या मुख्य रस्त्यावर चक्क बँक ऑफ अमेरिकाची शाखा होती. खरीखुरी, व्यवहार करणारी. १९९३ पर्यंत ती चालली. ही माहिती मी आमच्या शाखेत सांगितली तेव्हा सगळ्यांचे डोळे चमकले. ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही उघडी असे, हे सांगितल्यावर विझले. पुढं १९८७ साली डिस्नेवाल्यांनी स्वतःच्या नोटाच काढल्या. डिस्ने डॉलर. एका डॉलरला एक. वर राष्ट्राध्यक्षाऐवजी मिकी माऊस. २०१६ पर्यंत त्या विकल्या जात होत्या. यातली हुशारी अशी, की कितीतरी लोक त्या नोटा खर्च न करता आठवण म्हणून घरी नेत. म्हणजे मुलाचे पैसे कायमचे सुरक्षित! डिस्नेच्या तिजोरीत. आता काही ठिकाणी मनगटाला पट्टा बांधतात, त्यात आधी पैसे भरायचे आणि जाल तिथं पट्टा टेकवायचा. पट्टा हरवत नाही, भिजत नाही. मोजताही येत नाही. जे पैसे मोजता येत नाहीत ते सांभाळायला मुलाला शिकवायचं कसं, हे मला समजलेलं नाही.

माझी सूचना साधी होती: नोट सुटी करायची. पाचशेची एक नोट हरवली की पाचशे गेले. पन्नासाच्या दहा तीन ठिकाणी ठेवल्या तर थोडक्यात निभावतं. आणि मुलीला देशही बघायला मिळतो. पाचशेवर लाल किल्ला एवढाच. शंभरावर राणी की वाव, पन्नासावर हंपीचा रथ, विसावर आपलं वेरूळ, दहावर कोणार्क. एवढी सहल थीम पार्कच्या तिकिटात होत नाही. पण इथंही गोम आहेच. २००९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवलं, की तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असली तर माणूस ती मोडायला कचरतो आणि सुट्यात असली तर सहज उडवतो. म्हणजे मोठी नोट चोरापासून असुरक्षित आणि सुटे पैसे स्वतःपासून. माझी आई चौथी शिकलेली आहे. हे तिला प्रयोगाशिवाय ठाऊक होतं.

एवढ्या चर्चेनंतर लेक उठली, आजीची नोट आपल्या डब्यात ठेवली आणि त्याच डब्यातून साठवलेले दोनशे रुपये काढून आणले, पन्नासाच्या दोन आणि बाकी वीस-दहाच्या. "मी एवढेच नेते. ती घरी राहील." सगळे गप्प. घरी ठेवलेली नोट प्रवासात हरवत नाही, हा मुद्दा आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. ही पहिल्यांदा सावरली. "बरं, मग ते दोनशे दे माझ्याकडे."

इथं मात्र मी कप खाली ठेवला आणि रिझर्व्ह बँकेला मध्ये आणलं. दहा वर्षं पुरी झालेल्या मुलानं बचत खातं स्वतःच्या सहीनं चालवायला हरकत नाही, असं तिनं २०१४ साली बँकांना सांगितलं आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सविस्तर सांगितलं. रकमेची मर्यादा बँकेनं ठरवावी आणि खातं कधी उणे जाऊ देऊ नये, एवढ्याच अटी. "रिझर्व्ह बँकेचा जिच्यावर विश्वास आहे तिच्यावर तुझा नाही?" मी विचारलं. ही म्हणाली, "रिझर्व्ह बँकेनं तिला छत्री शाळेत विसरताना पाहिलेलं नाही." तरी दोनशे रुपये लेकीकडेच राहिले. चेनची कापडी पिशवी, गळ्यात, टी-शर्टच्या आत. सगळ्यांदेखत मोजायचे नाहीत, लागतील तेवढेच बाहेर काढायचे आणि पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाही. अगदी बाबांच्याही. हे शेवटचं कलम तिनं घातलं.

पार्कात तिनं पिशवी सांभाळली. इतकी सांभाळली, की पाळणा वर गेला तेव्हा बाकीची मुलं दोन्ही हात वर करून ओरडत होती आणि आमची लेक एक हात छातीशी धरून. ते दृश्य मला आवडलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मामाचा मुलगा सहा वर्षांचा. त्याच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात शंभराची नोट होती. त्यानं दोन्ही हात वर केले. खाली आला तेव्हा राणी की वाव गायब. त्यानं असा टाहो फोडला की पुढच्या फेरीची रांग वळून बघू लागली. मामानं तिथल्या तिथं दुसरी शंभराची काढून दिली.

लेक बघत होती. थोड्या वेळानं माझ्याजवळ आली. "बाबा, म्हणजे माझे हरवले असते तरी चाललं असतं?"

बँकेत आम्ही याला मॉरल हॅझर्ड म्हणतो. बँक बुडाली तरी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी लाखच होता. विमा अमर्याद केला तर बँक कशी आहे हे कुणी बघणारच नाही, असं शास्त्र सांगतं. मी हे मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "दाजी, पोरगं रडत होतं." त्यांचंही खोटं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाला शंभराची नोट देऊन उलटं टांगलं, तर नोट हरवण्यात त्याचा वाटा कितीसा? पण मग ती नोट त्याची होती असं तरी कसं म्हणायचं? जी हरवली तरी आपलं काही जात नाही, ती आपली होती कुठं? माझं मत असं पडलं की पन्नास द्यायला हवे होते. म्हणजे अर्धी नोट मामाची आणि अर्धी त्याची, हे दोघांनाही कळलं असतं. हिचं मत असं पडलं की मी भर उन्हात मुलांसमोर टक्केवारी काढू नये.

लेकीचा प्रश्न मात्र मामाच्या कानावर गेला होता. परत निघताना त्यांनी तिलाही शंभराची नोट दिली. "हे घे, तू नीट सांभाळलेस म्हणून." तिनं ती घेतली, थँक्यू म्हणाली. दिवसभरात ऐंशी रुपये खर्च झाले होते. उरलेले एकशेवीस टी-शर्टच्या आत होते, ते तिनं गाडीत बसल्यावर कोपऱ्यात तोंड करून एकदा मोजले. मामाची नोट पिशवीत घातली नाही. पुढे वाकून आईला दिली.

"ही तुझ्या पर्समध्ये ठेव."

"हीच परत हवी का?" हिनं विचारलं.

"नको. कुठलीही चालेल."

वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून सगळ्यांनी चहा आणि वडापाव घेतला, तो त्यातूनच झाला.