गोष्टीतलं खरं-खोटं

गोष्ट लिहिली तर सत्याचं व्रत मोडतं का? माझ्या आठ वर्षांच्या नातवाने मला हा प्रश्न विचारला. हसण्यावारी नेण्यासारखा तो नव्हता.

बेगम बाजारातल्या घरांत लिहिणं म्हणजे मुख्यतः हिशेब. आलं ते जमा, गेलं ते नावे. दिवाळीत आपण वहीची पूजा करतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो. जे घडलंच नाही ते वहीत लिहिणं पाप, हे आपल्याकडची मुलं न शिकवताच शिकतात. त्या पोराने लिहिलं की दुकानातली पितळेची कळशी विकली गेली म्हणून रडली. त्यावर आमचे हे प्रेमानेच म्हणाले, "कळशी कधी रडते का रे? खोटं कशाला लिहितोस?" पोराने पेन्सिल ठेवून दिली. पाठशाळेत अणुव्रतं पाठ केलेली. त्याला ते लागलं.

मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढून बसले. सत्यव्रत बळकट व्हावं म्हणून तिथे क्रोध, लोभ, भय आणि हास्य सोडायला सांगितलंय, आणि विचार करून बोलायला. म्हणजे शास्त्र शब्दांइतकंच त्यामागच्या मनाकडेही पाहतं. कळशी रडली म्हणताना मुलाच्या मनात ना लोभ होता ना भय. जुनी कळशी नवी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं, हे असत्य. त्यात कल्पनेतलं एकही पात्र नसलं तरी!

अनुयोगद्वारसूत्रात पिकलं पान आणि कोवळी पालवी बोलतात. पान गळता गळता पालवीला तिच्या पुढच्या दिवसांची जाणीव करून देतं. आणि लगेच तिथेच सांगितलंय की पानांचं असं बोलणं कधी होत नसतं. लोकांना जाग यावी म्हणून ही उपमा केली आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. सांगणाऱ्याने काही लपवलं नाही, ऐकणारा फसला नाही. गोष्ट आणि थाप यांच्यातला फरक तो हाच.

आपल्या आचार्यांनी तर गोष्टींचे डोंगर रचले. उद्योतनसूरींनी जालोरला इ.स. 779 मध्ये 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एक बाजार आहे. देशोदेशीचे व्यापारी तिथे आपापल्या बोलीत बोलतात, आणि त्यांत मराठी बोलणारेही आहेत. मारवाडी, गुजराती, तेलुगू, दख्खनी, मराठी एकाच गल्लीत ऐकणाऱ्या आपल्याला तो बाजार ओळखीचाच वाटेल. कल्पित कथेतल्या त्या बाजाराचा दाखला आज अभ्यासक मराठीच्या जुनेपणासाठी देतात.

हे सगळं मी नातवाला त्याच्या भाषेत सांगितलं. तो पुन्हा लिहू लागला. पण पुढच्याच गोष्टीत त्याने एका लंगडणाऱ्या हमालाचं माकड केलं. मी रागावले तर म्हणाला, "आजी, गोष्टच तर आहे!"

इथे मात्र मी अडले. व्रतात हास्य सोडायला सांगितलंय ते याचसाठी. दुसऱ्याला दुखवणारी थट्टा गोष्टीच्या पदराखाली लपवली म्हणून निर्दोष होत नाही. मी ते पान फाडलं नाही. एवढंच म्हटलं, "हे काका रात्री घरी गेल्यावर काय करत असतील, ते लिही." त्याला काहीच सुचेना. दोन दिवसांनी तो आपणहून हमालकाकांशी बोलून आला. त्यांना दोन मुली आहेत आणि गोणी पायावर पडल्यापासून ते लंगडतात, हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

भगिनींनो, मुलांना गोष्टी वाचून दाखवा, त्यांच्याकडून वाचून घ्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी 'यातून काय शिकलास?' म्हणून परीक्षा घेऊ नका. मूल लिहायला बसलं तर शुद्धलेखन नंतर बघा, आधी 'मग पुढे काय झालं?' एवढंच विचारा. तपासायचंच असेल तर दोन गोष्टी तपासा: यात कोणी फसतंय का, आणि कोणी दुखावतंय का? दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्याशिवाय अहिंसा कळत नाही, असं मला वाटतं. आणि ती सवय लहान वयात लागायला गोष्टीइतकी सोपी वाट मला तरी दुसरी दिसत नाही.