गंधाने घर ओळखवणाऱ्या देवा

देवा, गांधीलमाशीला तिचं घर ओळखायला शिकवणाऱ्या देवा, माझं ऐक.

वळचणीला तिचं राखाडी पोळं लटकतं. सुक्या लाकडाचे तंतू कुरतडून, लाळेत मळून केलेला तो कागद. रानातून एखादी परतते, पोळ्यावर टेकते, तोच दुसरी पुढे येऊन तिच्या अंगावरून मिशा फिरवते. अंगावर हायड्रोकार्बनांचा मेणचट, पातळ थर. त्यात कुठलं द्रव्य किती, यावरून घर कळतं. जुळलं तर वाट मिळते. नाही जुळलं तर चावा, झटापट, हाकलून देणं. एवढ्याशा जिवाच्या कातडीवर तू घराचा पत्ता लिहिलास. किती उपकार मानू तुझे!

आणि दयाळा, तो पत्ता ती जन्मतः आणत नाही! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्याच रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर केलेलं काम 1988 साली प्रसिद्ध झालं. कोषातून निघताच ज्यांना पोळ्यापासून आणि सोबतिणींपासून तोडलं, त्यांना पुढे आपलं-परकं कळलं नाही. ज्यांना पोळ्याचा तुकडा आणि सोबत मिळाली, त्यांना कळलं. ओळख बाहेरून येते, देवा. पोळं देतं, सोबतिणी देतात.

हे वाचल्यापासून मी तुझ्यापाशी बसले आहे. पुढच्या महिन्यात आमच्या घरी दत्तक लेकरू येतंय. मी त्याला जन्म दिलेला नाही. मला भीती वाटते, फार वाटते. पण मी तरी कुठे काय घेऊन आले होते? बोली घरानं दिली, नाव घरानं दिलं, तुला हाक मारायची रीतही घरानंच लावली.

परक्या पोळ्यातही काही दिवसांच्या कोवळ्या माश्यांना थारा मिळतो, मोठ्यांना अडवतात. हेही तूच केलंस ना? मग माझ्या माणसांच्या मनातही तेवढी जागा कर.

देवा, त्याला या घराचा वास लागू दे. त्याचा आम्हांला लागू दे. रात्री ते दचकून उठलं, तर माझा हात त्याला माझा म्हणून कळू दे. आणि कुणी त्याच्या रक्ताची चौकशी करत दारात उभं राहिलं, तर त्या वेळी माझ्या जिभेला बळ दे.