झाशीची पायपीट आणि विहिरीवरचे पाणी



गेल्या चैत्रात एका मित्रासोबत पाठीवर सॅक टाकून बुंदेलखंडात फिरायला गेलो होतो. मित्र आपल्या कार्यात नाही. सत्संगाला कधी येत नाही आणि मी जातो म्हणून मला हसतही नाही. झाशीसाठी आमच्याकडे एकच दिवस होता. पहाटे उतरायचे, शहर पाहायचे आणि रात्रीच्या गाडीने पुढे जायचे. सामान ठेवायला आणि परत घ्यायला वेळ जाईल म्हणून सॅक पाठीवरच राहू दे, असे मीच ठरवले. थोडे कष्ट झाले तर तेवढेच तप घडेल, असेही मी म्हणालो होतो. मित्र काही बोलला नाही. त्याने फक्त पाण्याची एक बाटली जास्त घेतली.

सकाळचे ऊन कोवळे होते तोवर किल्ल्याची चढण सोपी वाटली. ओरछाचे राजे वीरसिंह जूदेव यांनी १६१३ मध्ये बंगरा टेकडीवर हा किल्ला बांधला. पुढे १७४२ पासून मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला. नाशिकच्या पंचवटीत ज्यांचे मंदिर आहे आणि ज्यांची घंटा आपल्या बोलण्यात अजून वाजते, तेच हे नारोशंकर. झाशीत पाऊल ठेवल्यावर घरचे कोणी भेटावे तसे हे नाव भेटले. आम्ही कडक बिजली तोफ पाहिली, पंचमहाल पाहिला, शिवमंदिरात जाऊन आलो. गुलाम गौस खान, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांच्या कबरी किल्ल्यातच एका जागी आहेत. तिथे मित्र बराच वेळ उभा राहिला. मी मात्र घड्याळ पाहत होतो. यादीत अजून राणीमहाल, गणेशमंदिर, लक्ष्मी तलाव आणि महालक्ष्मीचे मंदिर बाकी होते.

अकरानंतर दगड तापले. राणीमहालातील नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पांपुढून मी जवळजवळ धावतच गेलो. ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये राणीचा विवाह झाला असे सांगतात, तिथे मी हात जोडले, पण गणपतीची मूर्ती कशी होती हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते. जेवण राहून गेले होते, आणि तेही माझ्याच घाईमुळे.

लक्ष्मी तलावाला जायला आम्ही रिक्षा केली. ऐंशी रुपये ठरले होते. वाटेत रस्ता बंद असल्यामुळे वळसा पडला आणि उतरल्यावर वृद्ध चालकाने शंभर मागितले. माझा आवाज चढला. ठरले म्हणजे ठरले, परक्या माणसांना असेच लुटता का, असे मी माझ्या मोडक्या हिंदीत चारचौघांत बोललो. तो माणूस उलट बोलला नाही. ऐंशी तर ऐंशी द्या, एवढेच म्हणाला. मित्राने शंभराची नोट त्याच्या हातात दिली, त्याला रामराम केला आणि माझ्याकडे न पाहता पुढे चालू लागला.

तलावाच्या काठाजवळ गंगाधररावांची छत्री आहे. आपला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला हे दुःख पाहून २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव गेले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने दत्तकविधान नाकारून संस्थान खालसा केले. त्या छत्रीच्या सावलीत आम्ही बसलो. दहा मिनिटे कोणीच बोलले नाही. मग मित्राने सॅकमधून एक पुस्तक काढले: विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’.

आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे पायी निघाले. घरी कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी आशा होती. वाटेत बंड पेटले आणि काका-पुतणे फिरत फिरत झाशीत आले. सर ह्यू रोजच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये शहराला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले, तेव्हा ते इथेच होते. त्यांनी कत्तल पाहिली, आगी पाहिल्या, ग्रंथालयाची नासधूस पाहिली. त्यांची साठवलेली दक्षिणाही लुटीत गेली. आम्ही सकाळपासून हौसेने चाललेल्या त्याच गल्ल्यांतून ते जीव मुठीत धरून लपत होते.

मित्राने मात्र झाशीची पाने उघडली नाहीत. त्याने काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग काढला. झाशी सुटल्यानंतरचे ते दिवस. विहिरीवर भटजी पाणी भरत असताना काही स्वार आले. त्यांत पठाणी वेषातल्या बाईसाहेब होत्या. अंग धुळीने भरलेले, चेहरा उतरलेला, घसा कोरडा. भटजींनी ओळखले आणि पाणी काढून देण्यासाठी पुढे झाले. बाईंनी त्यांना थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, अशा अर्थाचे बोलल्या. दोरी-मडके हाती घेऊन त्यांनी स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या.

वाचून झाल्यावर मित्राने पुस्तक मिटले. “राज्य गेलं होतं रे तिचं,” तो म्हणाला. “तू सकाळी तासभर ध्यानाला बसलास, मी पाहिलं. तो म्हातारा रिक्षावाला तुला संध्याकाळी भेटला.”

त्याचे बोलणे लागले. पहिला विचार मनात आला तो बचावाचा: ऐंशी ठरले होते हे खरे नव्हते काय? खरेच होते. साधकहो, इथेच मी अडकलो होतो, आणि आपल्यापैकी बरेच जण इथेच अडकतात असे मला वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या वाणीच्या तपात सत्य आहे, पण ते एकटे नाही. बोलण्याने दुसऱ्याला उद्वेग होऊ नये, ते प्रिय आणि हितकर असावे, या अटी त्याच्या जोडीला आहेत. मी चारातली एक अट पाळली आणि तिच्या जोरावर उरलेल्या तिन्ही मोडल्या. आपण चुकीचे असतो तेव्हा निदान आवाज थोडा दबतो. आपले बरोबर असते तेव्हा क्रोधाला अडवणारा कोणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट घरी आल्यावर ध्यानात आली. शारीर तपात भगवंतांनी पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा सांगितली आहे. उपाशीपोटी सॅक वाहत उन्हात पायपीट करणे त्यात कुठेच नाही! उलट त्याच अध्यायात शरीराला उगाच कष्टवणाऱ्यांविषयी कडक शब्द आहेत. सामान न ठेवण्यामागे माझा वेळेचा लोभ होता आणि मी त्याला तपाचे नाव दिले होते. त्याची किंमत एका गरीब माणसाने मोजली.

म्हणून एक विनंती आहे. रात्री आपण साधनेचा आढावा घेतो तेव्हा सकाळच्या बैठकीची वेळ लिहितो, जपाच्या माळा लिहितो. त्यापुढे एक ओळ अशी लिहून पाहू: आज मी सर्वांत जास्त थकलेला कधी होतो, आणि त्या वेळी समोर कोण होते? घरी असू तर बहुधा पत्नी, आई किंवा मूल असते. कार्यालयातून परततानाचा वाहक, दारात उभा असलेला सामान पोचवणारा मुलगा असतो. मी दोन महिने ही ओळ लिहीत आहे. वाचायला सुखाची नाही.

त्या संध्याकाळी महालक्ष्मीच्या मंदिरात आम्ही बराच वेळ बसलो. यादी तिथेच संपली होती. तलावावर ऊन कलले, वारा सुटला, पाय ठणकत होते आणि मन दिवसभरात प्रथमच जागेवर होते. मित्राने दोन केळी काढली. तो दिवस वाया गेला असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. विष्णुभटजी सारे लुटले गेल्यावरही काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले, हे मित्राने तिथे बसून सांगितले.

स्थानकावर परतताना मी आग्रहाने रिक्षांच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. प्रत्येक रिक्षात वाकून पाहिले. दोन वृद्ध चालक होते, पण आमचा त्यांत नव्हता. कशाला शोधता, असे एकाने विचारले. माफी मागायची आहे, म्हणालो. तो हसला आणि त्याने सरकून मला बसायला जागा केली. गाडीला अजून अर्धा तास होता.