भिंतीला तुंबड्या

काम नसलेल्या माणसावर आपल्या भाषेने फारशी दया दाखविलेली नाही. 'बेकार' म्हणजे मुळात ज्याला काम नाही तो. पण बोलता बोलता त्याचा अर्थ टाकाऊ, वाईट असा झाला. 'रिकामा' म्हणजे मोकळा. त्याचा रिकामटेकडा करायलाही आपल्याला वेळ लागला नाही. मुलगा काय करतो, असे कोणी विचारले की बाप खाली पाहून म्हणतो, "बसून आहे." मुलगा दिवसभर दारोदार खेटे घालीत असला तरी भाषेच्या लेखी तो बसलेलाच! आणि या साऱ्यावर कळस म्हणजे ती म्हण : रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

ही म्हण मला खऱ्या अर्थाने ऐकू आली ती माझ्या आत्याच्या तोंडून. भंगार वितळवून लोखंडी सळया करणारे कारखाने जालन्यात पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकात मी हिशेबनीस होतो. तो बंद पडला आणि अकरा महिने मी घरी होतो. पहिल्या महिन्यात अर्ज केले, दुसऱ्यात ओळखी धुंडाळल्या. तिसऱ्यापासून मात्र सकाळ उजाडली की तिचे करायचे काय, असा प्रश्न पडू लागला. तेव्हा एक जुनी वही काढून मी घरचा रोजमेळ लिहायला घेतला. दूध, भाजी, काडेपेटी. जमा, नावे, शिल्लक. एक दिवस आत्या चष्म्यावरून पाहत म्हणाली, "अरे, जमेच्या बाजूला काही नाही नि मेळ कसला घालतोस? रिकामा न्हावी..." म्हण तिने अर्ध्यावर सोडली. उरलेली मला पाठ होती.

त्या रात्री मी त्या न्हाव्याचाच विचार करीत राहिलो. तुंबड्या लावून अंगातले रक्त काढणे ही एके काळी न्हाव्याची विद्या होती. दुखण्याने कळवळणारा माणूस त्याच्याकडे येई. गिऱ्हाईक नाही म्हणून हात जडावले आणि उद्या खरोखरच कोणी कण्हत दारात आला, तर? हात चालता राहावा म्हणून तो भिंतीला तुंबड्या लावीत असेल, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? आपल्या विद्येशी तो इमान राखत होता. 'उमेद सोडू नका, वेळ सत्कारणी लावा' या उपदेशात जे खरे आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

पण भिंतीला रक्त नसते, हेही तितकेच खरे. पाचव्या महिन्यात माझ्या रोजमेळात साठ रुपयांचा फरक आला आणि तो मी शोधलाच नाही. कोणाचे काय अडणार होते? ज्या माणसाने एका पैशाच्या फरकासाठी रात्री जागविल्या होत्या, त्याने वही मिटून ठेवली. माझ्या बेकारीतला सर्वांत वाईट दिवस तो. पैसे संपल्याचे दुःख त्यापुढे हलके होते.

पुढे शेजारचा किराणा दुकानदार दोन वह्या घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, दोन महिन्यांचा मेळ बसत नाही. जरा नजर घालता का?" बेरजा त्याच, रकाने तेच, पण त्या रात्री मी दोनदा उठून आकडे तपासले. चूक राहिली असती तर त्याचे नुकसान झाले असते. आपल्या चुकीने कोणाचे तरी बिघडेल, ही जाणीव असते तेथेच काम असते. बाकी सारा वेळ भरण्याचा उद्योग. महिनाअखेरीस त्याने पैसे पुढे केले. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "फुकट केलेल्या हिशेबावर आपला भरवसा नाही, भाऊ." माझा मान त्याने किती सहज राखला!

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांनी सांगितलेली प्रयत्नाची थोरवी आम्ही बालपणापासून ऐकत आलो. परंतु प्रयत्नाचा उपदेश माणसाने स्वतःला करायचा असतो. तो दुसऱ्याला करू लागलो की 'फळ नाही, म्हणजे तू यत्न केला नाहीस' असा त्याचा आरोप होतो. २०२० च्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे रुळांवरून पायी निघाले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. रात्रभर चालणाऱ्या त्या माणसांना उमेद ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? उमेद होती म्हणूनच तर ते चालत होते.

तेव्हा न्याय असा लावावा लागतो : हात चालता ठेवणे हे बेकाराचे कर्तव्य, त्या हाताला खरी गरज दाखविणे हे इतरांचे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची शिवारे ओस पडली आणि शेतकरी खडी फोडायला गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. काम मागणारा याचक न राहता हक्कदार झाला, ही केवढी मोठी गोष्ट! पण सरकारी कामांतही भिंत आणि रोगी हा भेद राहतोच. जी खडी रस्त्याकडेला ढीग होऊन पडून राहते, ती भिंतीला लावलेली तुंबडी. ज्या पाझर तलावामुळे खालच्या विहिरींना पाणी येते, त्याची माती वाहणारा मजूर म्हातारपणी नातवाला बोट दाखवून सांगू शकतो, "हा आम्ही बांधला."

बाराव्या महिन्यात मला दुसरीकडे नोकरी लागली. आता कोणी मुलाविषयी "बसून आहे" म्हणाले, तर मी उपदेश करीत नाही. माझे काही अडले आहे काय, ते आधी पाहतो. आणि अडले असेल तर त्या मुलाला बोलावतो, मोबदला ठरवूनच. काहीच अडलेले नसेल तर निदान गप्प बसतो.